नाल्याच्या अलीकडे

रियाज नाला ओलांडून पलीकडे गेला, गाडी स्टँडला लावली आणि हेल्मेट काढून आमच्याकडे बघत उभा राहिला. पुढची पाळी मगदूमची होती. तो पाण्यात शिरला, थोडा पुढं गेला आणि मधेच थांबला. गाडी घसरली नव्हती की दगडाला अडली नव्हती. त्यानं नुसता ॲक्सिलेटर सोडून दिला. पाणी सायलेन्सरच्या वर चढलं, इंजिन ठसकलं आणि बंद पडलं. तो मात्र दोन्ही हात हँडलवर ठेवून तसाच बसून राहिला, रेल्वेच्या फाटकात थांबलेला माणूस बसतो तसा.

मी माझी गाडी एका दगडाला टेकवून पाण्यात उतरलो. बर्फाचंच पाणी ते. पहिल्या पावलाला पोटऱ्यांत कळ गेली आणि त्यानंतर पाय आहेत की नाहीत हेच समजेना. मी ओरडून त्याला उतरायला सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा उतरला. दोघांनी मिळून गाडी मागं ओढली. पायाखालचे गोटे हलत होते, गाडी जड होती आणि हवा विरळ. काठावर येईपर्यंत माझ्या छातीचा भाता झाला. गाडी आडवी टाकून मी तिच्याशेजारीच पडलो.

मगदूम उभाच होता. त्याच्या बुटांतून पाणी गळत होतं.

"चुकलं," एवढंच म्हणाला.

तोवर नाला आणखी फुगला होता. त्या रस्त्यावरचे नाले सकाळी घोट्याएवढे असतात. ऊन चढलं, वरचं बर्फ वितळायला लागलं की दुपारपर्यंत मांडीला लागतात. रियाज हे मनालीपासून कानीकपाळी ओरडत होता. छत्रूच्या मुक्कामावरून आम्ही वेळेवर निघालोही होतो, पण वाटेत माझं मागचं चाक पंक्चर झालं आणि त्यात सगळी सकाळ गेली.

आता रियाज पलीकडून काहीतरी ओरडत होता. पाण्याच्या आवाजात एक अक्षर ऐकू येत नव्हतं. मग तो हातवारे करायला लागला. सूर्याकडे बोट, पाण्याकडे बोट, दोन्ही हातांनी थांबा, आणि शेवटी मागं, आम्ही नुकत्याच मागं टाकलेल्या दगडी खोपटाकडे बोट. आज येऊ नका, तिथं रात्र काढा, सकाळी पाणी उतरलं की या. मी पुढच्या मुक्कामाला, बातलला थांबतो. मी हात वर करून समजल्याचं सांगितलं. तो बराच वेळ घुटमळला. मग गाडीला किक मारली आणि वळणाआड दिसेनासा झाला.

आम्ही तिघं इचलकरंजीचे. पॉलिटेक्निकला एका बाकावर होतो, तेव्हापासूनची दोस्ती. रियाज बागवानचं गाड्यांचं गॅरेज. मी सुताला खळ लावणाऱ्या एका सायझिंगच्या कारखान्यात मेंटेनन्सला. मगदूमनं घराच्या पुढच्या खोलीतच लेथ टाकलं होतं आणि मागाचे सुटे भाग बनवून द्यायचा. त्याला मोठ्या कंपनीत चांगली नोकरी लागली होती, ती त्यानं सोडली होती, कारण घरात चंदू होती.

चंदना त्याची मुलगी. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला म्हणून ती कधी बसली नाही, चालली नाही, बोलली नाही. आम्ही या प्रवासाला निघालो तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि आईपेक्षा उंच झाली होती. तिला कॉटवरून उचलून अंघोळीच्या खुर्चीवर नेणं, तिथून परत, जेवताना उठवून बसवणं, रात्री कूस बदलणं, हे सगळं मगदूमचं. बाकीचं त्रिशलावहिनींचं. त्याच्या कमरेला पट्टा असायचा. कुणाच्या लग्नाला गेला तरी अक्षता पडल्या की निघायचा. त्याबद्दल तो कधी बोलला नाही आणि आम्हीही विचारणं सोडून दिलं होतं.

हिमालयात गाड्यांवरून जायचं हे आमचं कॉलेजच्या दिवसांतलं बोलणं. पुढं ती थट्टाच झाली होती. त्या वर्षी रियाजनं अचानक ते मनावर घेतलं आणि मगदूमही येतोय म्हणाला तेव्हा मला खरं वाटेना. वहिनींची बहीण आणि तिचे यजमान घरी राहायला येणार होते. मनालीत आम्ही तीन बुलेट भाड्यानं घेतल्या.

मनात होतं ते काही तिथं मिळालं नाही, हेही सांगून टाकतो. पन्नाशीला टेकलेली शरीरं. रस्ता म्हणजे नदीतले दगड पसरून ठेवल्यासारखा. धूळ दातांत, धूळ डोळ्यांत. रात्री उंचीमुळं झोप लागायची नाही, सकाळी डोकं ठणकायचं. पहिल्या दिवशी आम्ही जुन्या गोष्टी काढून हसलो, दुसऱ्या दिवशी त्या संपल्या. नंतर फक्त पाणी दे, टायर बघ, किती राहिलं, एवढंच. मगदूम तर तेवढंही बोलत नव्हता. थकला असेल असं मी धरून चाललो, कारण मीही थकलो होतो.

खोपट म्हणजे रस्त्याच्या मजुरांसाठी रचलेल्या दगडांच्या भिंती आणि वर पत्रा. मजूर नव्हते, त्यांची एक चूल, थोडी लाकडं आणि कोपऱ्यात रिकाम्या पोत्यांचा ढीग तेवढा होता. आम्ही दोन्ही गाड्या दाराशी आणून लावल्या. बूट काढून उन्हात उलटे ठेवले, मोजे पिळून दगडांवर वाळत टाकले आणि भिंतीला पाठ टेकून बसलो.

समोर खाली चंद्रा नदी, राखेच्या रंगाची. तिच्या पलीकडच्या खोऱ्यातून एक हिमनदी उतरत होती. हिमनदी पांढरीशुभ्र असेल अशी माझी कल्पना. ही काळपट होती, अंगावर दगडमाती घेतलेली, एखाद्या डबराच्या खाणीसारखी. फक्त कडेला जिथं ती तुटली होती तिथं आत निळं दिसत होतं. मधूनच तिकडून धप्प असा आवाज यायचा आणि कुठंतरी धूळ उडायची.

पिशवीत वहिनींनी दिलेल्या शेंगाच्या पोळ्या होत्या. मी दोन खाल्ल्या. मगदूमनं एक हातात घेतली आणि खाल्ली नाही. मी त्याला विचारलं, पाण्यात काय झालं. डोकं गरगरलं का? तो म्हणाला, नाही. छातीत काही? नाही. मग का थांबलास? त्यावर तो त्या हिमनदीकडे बघत बसला. त्याला विचारून उपयोग नाही असं वाटून मी डोळे मिटले.

"दिग्या," तो म्हणाला, "उद्या सकाळी तू एकटाच पलीकडं जा."

मला वाटलं त्याला परत फिरायचं आहे. मी म्हटलं, रियाज पुढं आहे, त्याला कळवायला फोनसुद्धा लागत नाही इथं, आणि तुला एकट्याला मनालीला कसा सोडू?

"तसं नव्हे. रियाजला सांग, मगदूम पुढं होता. पाण्यानं ओढून नेला."

मी डोळे उघडले. तो माझ्याकडे बघत नव्हता. पोळीचे बारीक तुकडे करून दगडावर ठेवत होता.

"गाडी नाल्यात ढकलून देऊ," तो म्हणाला. "हेल्मेट काठाला टाकू. नाला नदीला मिळतो आणि ती बघ कशी चाललीय. हितं गेलेला माणूस सापडत नाही. कोण शोधत पण बसत नाही."

"आणि तू?"

"मी चालत मागं जाईन. कुठला तरी ट्रक मिळेल. पुढचं काही ठरवलेलं नाही. लेथ चालवता येतं, कुठंही पोट भरेल."

रडत नव्हता, आवाज चढलेला नव्हता. एखादं काम समजावून द्यावं तसं सांगत होता. मी विचारलं, हे कधीपासून डोक्यात आहे? तो म्हणाला, आज पाण्यात शिरल्यावर एकदम आलं. खरोखरच वाहून जावं असं वाटलं म्हणून थांबलो. मग तू ओरडलास, उतरलो. पाणी फार गार होतं. मरायचं नाही मला, हे तेव्हाच कळलं. फक्त परत जायचं नाही.

"मला तिचा राग येत नाही," तो म्हणाला. "त्रिशलाचा पण नाही. तसं वाटून घेऊ नको. मी संपलोय, एवढंच. सकाळी तिला उचलायला वाकतो तेव्हा वाटतं, उद्याही वाकायचं, परवाही. आपण आधी गेलो तर तिचं काय, आणि ती आधी गेली तर बरं, असं मनात येतं. आलं की दिवसभर तिच्या तोंडाकडे बघवत नाही. हितं आल्यापासून रोज पहाटे जाग येते आणि उचलायला कोण नाही हे ध्यानात येतं. किती हलकं वाटतं, सांगू तुला? त्याचीच भीती वाटायला लागलीय."

मला राग यायला हवा होता. मित्र म्हणून त्याच्या थोबाडीत मारायला हवी होती, किंवा मिठी तरी. तसलं काही मी केलं नाही. माझ्या अंगात काही उरलंच नव्हतं. पाय बधिर होते, डोकं ठणकत होतं, आणि तो बोलत होता ते मला समजत होतं. त्याच्या जागी मी असतो तर केव्हाच गेलो असतो, असंही मनात आलं. मी म्हणालो, "बरं."

तो माझ्याकडे वळला. त्याला बहुतेक मी वाद घालीन असं वाटलं होतं.

"सांगेन मी," मी म्हटलं. "रियाजला, पोलिसांना, वहिनींना. पण मग चंदूला उचलणार कोण?"

मी हे त्याला अडकवायला विचारलं नव्हतं. खरंच विचारत होतो. माझं घर त्याच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. उद्या हे खोटं मी सांगितलं तर दुसऱ्या दिवसापासून त्या घरात काय चालेल ते मला दिसायला लागलं होतं.

"तू," तो म्हणाला. त्याचा विचार झालेला दिसत होता. "त्रिशलाला एकटीला झेपत नाही. सकाळी कामावर जायच्या आधी एकदा ये. संध्याकाळी एकदा. मधलं ती निभावेल. माणूस ठेवून बघितलाय आम्ही, परक्याला चंदू अंगाला हात लावू देत नाही. तू लहानपणापासून तिच्या ओळखीचा आहेस."

"मला येत नाही ते."

"शिकवतो."

तो उठला. कोपऱ्यातली पोती त्यानं जमिनीवर पसरली, कॉटएवढी जागा केली आणि मला त्यावर झोपायला सांगितलं. मी झोपलो. अंग ढिलं सोड म्हणाला, तिचं अंग एकदा ढिलं असतं आणि एकदा लाकडासारखं ताठ, ताठ असलं तर थांबायचं, जोर करायचा नाही, पाठीवरून हात फिरवत राहायचं. सोडते ती मग. मी ढिलं सोडलं. त्यानं एक गुडघा टेकला, एक हात माझ्या मानेखालून पलीकडच्या खांद्यापर्यंत नेला, दुसरा गुडघ्यांखाली घातला. डावा खुबा निखळलेला आहे तिचा, म्हणाला, म्हणून डावा पाय कधी एकटा लोंबू द्यायचा नाही, दोन्ही पाय एकत्र. मान सोडायची नाही. उठताना कमरेनं नाही उठायचं, मांड्यांनी उठायचं. मी पहिली दहा वर्षं कमरेनं उठलो, त्याचा हा पट्टा. आणि उचलायच्या आधी तिला सांगायचं. न सांगता उचललं तर ती घाबरते.

"काय सांगायचं?"

"चंदू, चला." तो म्हणाला. "एवढंच. दुसरं काही म्हटलेलं तिला चालत नाही."

त्यानं मला उचललं. माझं वजन चंदूच्या दीडपट तरी असेल, आणि त्या उंचीवर दोन पावलं चाललं तरी धाप लागते. पण त्यानं असं उचललं की मला कळलंसुद्धा नाही. लगेच खाली ठेवलं आणि म्हणाला, आता तू.

मग तो त्या पोत्यांवर झोपला. उताणा, हात छातीशी वाकडे घेऊन, तिचे असतात तसे. डोळे पत्र्याकडे. मी गुडघा टेकला. हात घालायला लागलो तर त्यानं मान हलवली. मी आधी सांगितलं नव्हतं.

"चंदू, चला," मी म्हटलं.

पहिल्यांदा मला उचलता आलं नाही. त्यानं पडल्या पडल्याच चूक सांगितली, हात आणखी वर घे. दुसऱ्यांदा मी मांड्यांवर जोर देऊन उठलो आणि तो वर आला. इतका मोठा माणूस, पण आतून वाळलेला, पाठीची हाडं हाताला लागत होती. "मान," तो म्हणाला. मी कोपर वर घेतलं, तशी त्याची मान माझ्या खांद्याला टेकली. "आता खुर्चीपर्यंत ने."

खुर्ची म्हणजे समोरची चूल. पाच-सहा पावलं. मी चालायला लागलो. मला वाटलं तो आणखी काही सांगेल, पाय कसा टाकायचा, कुठं वळायचं. तो काही बोलला नाही. मी चुलीपाशी पोहोचलो आणि थांबलो, ठेवायला सांगेल म्हणून वाट बघितली. सांगितलं नाही. मग मला कळलं की त्यानं अंग सोडून दिलं आहे. ढोंगातलं नव्हे, खरोखर सोडलं आहे. सगळं वजन माझ्यावर आलं होतं. माझ्या जर्किनच्या कॉलरमध्ये त्याचं तोंड होतं आणि तिथं ओलं लागत होतं.

या माणसाला शेवटचं कुणी उचललं असेल? चार-पाच वर्षांचा असताना त्याच्या बापानं कधीतरी.

मी वळलो आणि त्याला परत पोत्यांकडे नेलं. वाटेत एकदा माझा गुडघा लचकला, पण सोडलं नाही. हळूच खाली ठेवलं, पाय एकत्र, मान शेवटी. तो कुशीवर वळला. मी माझं जर्किन काढून त्याच्यावर घातलं. बाहेर अजून पिवळं ऊन होतं, नाला गर्जत होता, आणि मगदूम झोपला होता. घोरत होता. मी त्याच्याशेजारी भिंतीला टेकलो, अंधार पडला, केव्हातरी मलाही झोप लागली.

सकाळी जाग आली तेव्हा तो बाहेर होता. गाडीचा प्लग काढून पुसून त्यानं परत बसवला होता, एअर फिल्टर झटकला होता. माझे मोजे माझ्या बुटांत घालून ठेवले होते. कालच्या दुपारबद्दल त्यानं काही काढलं नाही, मीही नाही. आम्ही नाल्यापाशी आलो. पाणी खूप उतरलं होतं, दगडांचे माथे वर दिसत होते आणि त्यांच्यावर बर्फाची पातळ काच धरली होती.

"तू आधी जा," तो म्हणाला.

म्हणजे त्याचं ठरलेलं कायम आहे, असं मी समजलो. मी म्हटलं, "बघ, मी बरं म्हटलंय. तू नाही आलास तर मी सांगेन, तू सांगितलंस तसंच. पण मला आताच कळू दे."

"जा तू," तो म्हणाला.

मी गेलो. गाडी दोनदा घसरली, एकदा पाय टेकावा लागला. पलीकडे चढून मी इंजिन बंद केलं आणि वळून बघितलं. तो अलीकडे, म्हणजे आता माझ्या पलीकडे, गाडीशेजारी उभा होता. हेल्मेट हातात. त्याच्या मागं छत्रूकडे जाणारा रस्ता मोकळा होता. कुणी माणूस नाही, गाडी नाही.

मी हात केला नाही, हाक मारली नाही. रियाजला काय सांगायचं त्याची वाक्यं मनात जुळवायला लागलो. सकाळी निघालो. मगदूम पुढं होता. तिसरं वाक्य काही केल्या जुळत नव्हतं. त्रिशलावहिनींच्या दारात मी उभा आहे आणि आत चंदू ओरडते आहे, एवढंच डोळ्यांपुढं येत होतं.

त्यानं हेल्मेट घातलं. किक मारली, गाडी लागली नाही. पुन्हा मारली. लागली. तो पाण्यात शिरला आणि मध्यावर आला, काल थांबला होता तिथं. गाडी हेलकावली. तो थांबला नाही. दगडांवरून धडपडत, दोन्ही पाय पसरून, तो माझ्यापाशी वर आला.

हेल्मेटची काच वर करून त्यानं थोडा वेळ श्वास घेतला.

"तुझा अंगठा तिच्या मानेत रुततो," तो म्हणाला. "तुला नाही जमायचं, दिग्या."

आणि पुढं निघून गेला.

बातलला रियाज ढाब्याच्या दारात दात घासत उभा होता. त्यानं आम्हाला शिव्या घातल्या, चहा पाजला. तिथून आम्ही कुंझुमची खिंड चढलो, काझाला गेलो, फोटो काढले. त्या फोटोंत तिघंही हसतो आहोत. रियाजला त्या दुपारची गोष्ट आजही माहीत नाही.

घरी परतल्यावर पहिल्याच सोमवारी संध्याकाळी मी मगदूमच्या घरी गेलो आणि म्हटलं, मला शिकायचं आहे. तो आत जाऊन चंदूला म्हणाला, दिगूकाका आलाय. पहिले काही दिवस तिनं मला हात लावू दिला नाही, माझा आवाज ऐकला की ताठ व्हायची. मी पाठीवरून हात फिरवत राहायचो. एके दिवशी सोडलं तिनं. अंगठा कुठं ठेवायचा तेही हळूहळू समजलं. तेव्हापासून संध्याकाळचं माझ्याकडे आलं. मगदूम त्या वेळात पंचगंगेपर्यंत फिरून यायचा, नुसताच. कधी उशीर झाला तर घाईनं आत येऊन आधी तिच्याकडे बघायचा, मग माझ्याकडे.

काही वर्षांनी पावसाळ्यात चंदूला न्यूमोनिया झाला आणि ती गेली. शेवटचं मगदूमनंच उचललं. कुणाला हात लावू दिला नाही. उचलण्याआधी तो तिला जे म्हणाला ते फक्त मला आणि वहिनींना समजलं.

दुखवट्याची माणसं यायची थांबली, त्यानंतरची गोष्ट. संध्याकाळी सवयीनं माझे पाय तिकडे वळले. मगदूम झोपला होता. त्या दिवसांत तो सारखा झोपायचा. वहिनी स्वयंपाकघरात भाजी निवडत होत्या. मी पाटावर बसलो. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग मान खाली घालूनच त्या म्हणाल्या की एक विचारायचं होतं. तिकडे डोंगरात काही घडलं होतं का? मी म्हटलं, असं का विचारता?

"रियाजभावजींना मीच फोन केला होता," वहिनी म्हणाल्या. "ह्यांना कुठंतरी लांब न्या म्हणून. कुणाला सांगू नका म्हटलं होतं."

मला हे ठाऊक नव्हतं. मी तसं म्हणालो.

"बॅग मी भरली. थंडीचे कपडे भरले, आणि खाली रोजचे शर्ट-पँट पण भरले, होते नव्हते तेवढे. त्यांच्या ध्यानात आलं की नाही कोण जाणे." त्यांचे हात चालूच होते. "परत येतील असं मला वाटत नव्हतं, भावजी. त्यांचं तोंड मी रोज बघत होते. दोघांपैकी एक तरी सुटू दे म्हटलं."

मी विचारलं, आणि आला तेव्हा?

"दार उघडलं तर उभे. सगळे काळे पडलेले, ओठ फुटलेले. खरं सांगू? आधी मला रागच आला. इतके दिवस मनाची तयारी केली होती. वाटलं, ह्या माणसाला साधं जाता पण येत नाही."

त्यांनी निवडलेली भाजी पातेल्यात टाकली आणि देठं गोळा करायला लागल्या.

"तेवढ्यात चंदूनं आतून त्यांचा आवाज ओळखला आणि ओरडायला लागली. ते बूट काढायलासुद्धा थांबले नाहीत, तसेच आत गेले. मग मी पाणी तापत ठेवलं."